सव्वीसचं चाक

गणपती गेले की लालबाग दमतं. बाहेरून येणाऱ्यांना हे कळायचं नाही. ते येतात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि आपापल्या घरी जाऊन झोपतात. आम्ही इथंच राहतो. मागे रस्त्यात खांबांचे खड्डे राहतात, ट्रकवर बांबू चढत राहतात, ढोल वाजवून हात सुजलेली पोरं दुपारपर्यंत उठत नाहीत, आणि कोणाशी बोलावं तर समोरच्याचा आवाज बसलेला असतो. मग पितृपक्ष येतो आणि त्याच्या पाठोपाठ ऑक्टोबरचं ऊन. मसाला कांडायच्या डंकावरून मिरचीचा खकाणा उडतो आणि आधीच घामेजलेला माणूस शिंकून शिंकून हैराण होतो. उत्सव संपलेला असतो, दसरा यायचा असतो, आणि मधल्या दिवसांना कुणी वाली नसतो.

या मधल्या दिवसांतच मला सायकल आठवते. खरं तर आठवायला ती कुठे लांब गेलेली नाही, आमच्या इमारतीच्या जिन्याखालीच उभी असते. पण वर्षभर तिच्या बाजूनं जाता-येता मी तिच्याकडे बघत नाही. बघते ती याच दिवसांत, कारण दसऱ्याला तिची पूजा असते.

यंदा विसर्जनानंतर जिन्यापाशी फळ्यावर सूचना लागली. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत काका यांचं अक्षर मी शाळेत असल्यापासून ओळखते. ते पोर्टात कारकून होते आणि त्यांच्या अक्षरात अजून फाइलींची शिस्त आहे. ‘जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकली दसऱ्यानंतर भंगारात देण्यात येतील. चालू स्थितीतील सायकली ठेवता येतील.’ चालू स्थिती म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. दसऱ्याला सकाळी इमारतीतली सगळी वाहनं आवारात एका ओळीत लागतात. स्कूटर, मोटारसायकली, दोन गाड्या, वरच्या मजल्यावरच्या मुलाची तीनचाकी. झेंडूचे हार, कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. मग प्रत्येकाच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. ज्यानं त्यानं आपलं वाहन त्या लिंबावरून न्यायचं. लिंबू चिरडलं की काका त्या वाहनाची जागा वर्षभरासाठी पक्की करतात. चाळ होती तेव्हापासून हे असंच आहे. चाळ पाडून ही इमारत झाली, आवार अर्ध्यावर आलं, पण लिंबू राहिलं.

आमची सायकल यंदा लिंबावरून जाण्यासारखी नव्हती. गणपतीत गल्लीतल्या मंडळाची बाकडी जिन्याखाली रचली होती. ती काढताना दिसलं की पुढचं चाक आठासारखं वाकलं होतं, तीनचार तारा सुटून लोंबत होत्या. टायरला तर आधीच भेगा पडल्या होत्या. कुणाला बोलणार? बाकडी ठेवायला जिन्याखालच्या जाळीची किल्ली मीच दिली होती.

“चाकच बदलायचं ना,” मी बाबांना म्हटलं. “आणते शनिवारी.”

इतकं सोपं वाटलं होतं मला.

दादरला दुकानदार मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “कितीचं?”

“सव्वीस.”

आता त्यानं मान वर केली. “मॅडम, ट्वेंटी सिक्स बंद झालं. आता ट्वेंटी सेव्हन पॉइंट फाइव्ह, नाहीतर ट्वेंटी नाइन. कोणत्या सालची सायकल आहे तुमची?”

मी साल सांगितलं नाही. बाईचं वय विचारावं तसं वाटलं. त्याच्यामागं भिंतीवर मोठी मोठी चाकं टांगलेली होती, काळी कुळकुळीत, मधोमध ब्रेकच्या चकत्या असलेली. एवढ्या मोठ्या चाकांच्या सायकली या शहरात कुठं चालवत असतील लोक, हा प्रश्न मला पडला. मग आठवलं की आम्हीही लालबागच्या सपाट रस्त्यावर डोंगर चढायची, अठरा गिअरची सायकल आणली होती. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

परळच्या दुकानात मात्र माणूस लगेच “आहे की” म्हणाला आणि आतून टायर घेऊन आला. त्यावर चक्क सव्वीस लिहिलेलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तो गळ्यात अडकवूनच घरी आले. वाकडी रिम कुणीतरी ठोकून सरळ करून देईल, असा माझा हिशोब. घरी येऊन लावून बघते तर रिमवर ढगळ. मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला घातल्यासारखा. परत गेले. तो म्हणाला, “ओ, हा साध्या लेडीज सायकलचा. सव्वीसच आहे, पण ते सव्वीस वेगळं नि हे सव्वीस वेगळं.”

“मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही सव्वीस म्हणालात,” तो म्हणाला.

नेटवरून मागवलं ते लहान मुलांच्या सायकलचं आलं. परत पाठवलं. धोबीतलावच्या बाजूला एकजण म्हणाला, “छब्बीस का रिम कौन रखता है अभी? पूरी सायकल नयी ले लो.” गिरगावात एक म्हातारे दुकानदार होते, त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, सायकलची सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि मग म्हणाले, “मागे आला असतात ना, तर ढीग होता हो माझ्याकडे. जागा अडते म्हणून देऊन टाकला सगळा.” रिकाम्या हातानं परतताना मला त्यांचाच जास्त राग आला. बाकीच्यांनी निदान पाणी तरी दिलं नव्हतं.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतून विचारायचे, “चाक गावला?”

“नाही मिळालं, बाबा.”

“जावंदे गो. लोखंडच ता.”

असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. बाबांचे गुडघे गेले, एक डोळा जवळजवळ गेला. मागणं म्हणून त्यांनी काही ठेवलेलं नाही. चहा गार झाला तरी पितात. म्हणून त्या एका प्रश्नानं मी रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त थकायचे. ऑफिस, गर्दी, ऊन यांनी माणूस थकतो ते झोपून उठलं की जातं. हे तसं नव्हतं.

मला पहिली नोकरी लागली त्या वर्षी मी ही सायकल आणली, दसऱ्याच्याच मुहूर्तावर. निळी, जाड टायरांची. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मुलीच्या जातीला स्कूटर तरी घ्यायची.” बाबा सायकलभोवती फिरत राहिले, घंटी वाजवून बघितली, सीटवर हात ठेवला आणि काढला. मग जिन्यात मला एकटीला गाठून हळूच म्हणाले, “माका येणा नाय.”

गिरणीत उभं आयुष्य काढलेला माणूस. गावात सायकल चालवायला रस्ताच नव्हता, सगळी चढण आणि पाणंद. मुंबईत आले तर गिरणी दोन गल्ल्यांवर, सायकल कशाला लागते? गिरणी बंद पडल्यावर फोर्टात एका इमारतीत लिफ्टवर बसले. बसून वर जायचं, बसून खाली यायचं. साठीला टेकलेले होते. मला वाटलं होतं, बाबांना सगळं येतं. येत नाही असं काही असेल, आणि ते बाबा मला सांगतील, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग त्या ऑक्टोबरात दर रविवारी सकाळी आम्ही माझगावला, गोदीच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर जायचो. रविवारी तिथं ट्रक नसायचे. भिंतीपलीकडे जहाजाचे पत्रे ठोकल्याचा आवाज यायचा कधी, नाहीतर चर्चची घंटा. उन्हं सात वाजताच चटका द्यायची. बाबांनी पँटच्या पायाला आईच्या केसांचे रबर लावलेले. मी मागून सीट धरायची आणि धावायची.

“धरलंस मा?”

“धरलंय, बाबा.”

“सोडू नको हां. सोडलंस तर बघ.”

लहानपणी बाबांनी मला उचललं असणारच, खांद्यावरून गणपती दाखवले असणार. ते मला आठवत नाही. पण त्यांचा भार माझ्या हातावर आलेला मला आठवतो, मनगटापासून खांद्यापर्यंत. सीटखाली हात आणि वर हा एवढा मोठा माणूस, घाबरलेला, हँडल घट्ट आवळून धरलेला. कधी डावीकडे कलायचा, कधी उजवीकडे. त्यांनी मला सोडू नको म्हणावं आणि मी धरून असावं, याचं मला फार सुख व्हायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असंच वाटायचं.

आई गॅलरीतून बघायची, गुडघा खरचटून आलेत का ते. “खूळ लागला ह्येंका,” शेजारणीला सांगायची. “ह्या वयात हाडां मोडून घेतल्यानी म्हणजे कळात.” पण खोबरेल तेलाची वाटी आधीच गरम करून ठेवलेली असायची.

दिवाळीच्या आत बाबांना सायकल आली. आली म्हणजे अशी आली की मग माझी उरलीच नाही. मी ऑफिसला बसनं जायला लागले आणि बाबा सायकलनं भाऊच्या धक्क्यावर. पहाटे जायचे, हँडलला पिशवी, पिशवीत बांगडे नाहीतर मांदेली. गिअरला त्यांनी कधी हात लावला नाही. आहे त्यात काय वाईट आहे, असं म्हणायचे. सत्तरी उलटेपर्यंत त्या सायकलला मासळीचा वास होता. जिना चढताना वास आला की समजायचं, बाबा आले.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी माझगावलाही जाऊन आले. तिथं कोपऱ्यावर एक सायकल दुरुस्तीवाला बसायचा, त्याच्याकडे निघेल जुनं काही, अशी आशा. तिथं मोबाइलच्या काचा बदलून मिळत होत्या. गोदीची भिंत होती तशीच होती. मी थोडं अंतर तिच्या कडेकडेनं चालले. ट्रक रविवारीसुद्धा उभे होते, एकामागे एक, आणि माणसाला धावायला जागा नव्हती. मला एकदम कंटाळा आला. एका चाकासाठी मी का अशी भटकतेय? सायकल चालवणार कोण आहे? बाबांना उभं राहायला काठी लागते, मला कंबरेचा पट्टा. जाऊ दे भंगारात, असं मी त्या भिंतीपाशी ठरवून टाकलं आणि टॅक्सी केली.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “चाक गावला?”

मी नाही म्हटलं. भंगाराचं सांगायचं सोडून चहा टाकायला गेले.

दसऱ्याच्या सकाळी आवारात पाणी मारलेलं, आंब्याची डहाळी लावलेली, झेंडूच्या वासानं मिरचीवर मात केलेली. वाहनं ओळीत लागली होती. आणि एका बाजूला, भिंतीशी, भंगारात जायच्या सायकलींचा ढीग. काकांनी कालच जिन्याखालून काढून ठेवला होता, आमचीही त्यात. उद्या भंगारवाला येणार होता. गंमत अशी की सावंत काकूंनी त्या ढिगालाही एक लांब हार घातला होता, सगळ्या सायकलींना मिळून एकच.

“अगं, जायच्याच आहेत,” काकू मला म्हणाल्या. “पण दसऱ्याला बिनपूजेच्या कशा ठेवायच्या? बरं दिसतं का?”

मी बाबांना हात धरून खाली आणलं होतं. ते ढिगासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि एका डोळ्यानं बघत राहिले. मीही बघत राहिले. बघता बघता माझं लक्ष हारातून बाहेर आलेल्या एका चाकाकडे गेलं. जाड टायर, बारीक तारा. लाल सायकल. आमच्या सायकलच्याच काळातली, तसल्याच बांधणीची. मी खाली वाकून टायरवरची धूळ पुसली. सव्वीस. आमचं सव्वीस.

दादर, परळ, गिरगाव, माझगाव. आणि ही माझ्या जिन्याखाली, माझ्या सायकलला टेकून उभी होती. मी शहरभर नवं मागत फिरले. जुन्याचा जोडीदार जुन्यापाशीच असणार, हे डोक्यात आलं नाही.

“कोणाची हो ही?” मी काकूंना विचारलं.

काकूंनी काकांकडे बघितलं.

“आपल्या सौरभची,” सावंत काका म्हणाले. सौरभ त्यांचा मुलगा. दहावीला चांगले मार्क मिळाले म्हणून ही सायकल मिळाली होती त्याला. आता न्यूझीलंडला असतो, रविवारी फोन करतो. “सगळ्यात आधी तीच काढली मी. सेक्रेटरीनं आपली ठेवायची आणि लोकांना भंगारात द्या सांगायचं, असं नाही चालत विनू. नियम म्हणजे नियम.”

“काका, हिचं पुढचं चाक…”

“काय?”

“आमच्याला बसेल. उद्या जातेच आहे तर मी काढून घेऊ?”

सावंत काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. दसरा म्हणून आज धोतर होतं. मग “थांब, तुला नाही जमायचं” म्हणून वर गेले आणि पाना घेऊन आले. हारातून लाल सायकल काढताना झेंडूची फुलं तुटून खाली पडली. त्यांनी स्वतः बसून चाक सोडवलं. नट गंजले होते, वेळ लागला. काकू नारळ हातात घेऊन उभ्या राहिल्या, कुणीही घाई केली नाही. आमच्या निळ्या सायकलीत ते लाल पट्ट्याचं चाक बसलं तेव्हा ती जरा विजोड दिसली. पंपानं हवा भरली. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. हवा टिकली.

मी सायकल ओळीच्या शेवटी लावली. काकूंनी कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबा खुर्चीतून उठायला लागले. मला वाटलं, सीट धरायला येताहेत. त्यांनी सीट धरली, पण मला बसू दिलं नाही.

“सावंत,” बाबा म्हणाले, “तुमी बसा. चाक तुमचा आसा.”

“मी? छे छे. धोतर आहे.”

“खोचा.”

सगळे हसले. सावंत काकांनी धोतर खोचलं. मी मागून हात लावायला पुढे झाले तर मान हलवून नको म्हणाले. बसले, पायडल मारलं, आणि लिंबू फट्कन फुटलं. त्याचा वास क्षणभर सगळ्यांवरून गेला.

एवढ्यावर उतरायचं असतं. दरवर्षी सगळे तिथंच उतरतात. काका उतरले नाहीत. आवारात एक फेरी मारली, डुगडुगत, मग दुसरी. आणि तिसऱ्या फेरीला फाटकातून बाहेर गेले.

“अहो!” काकू ओरडल्या. “अहो, कुठं चाललात? ब्रेक आहेत का बघा तिला!”

मी फाटकापर्यंत धावले. तोरणांच्या खालून, फुलवाल्यांच्या टोपल्यांच्या मधून काकांची पांढरी पाठ लांब जात होती. कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. काकूंच्या हातात नारळ तसाच. त्या माझ्याकडे बघेनात, रस्त्याकडेही बघेनात.

“येतलो तो,” मागून बाबा म्हणाले. “खंय जातलो?”

काका आले. घामानं भिजून, धापा टाकत, दुसऱ्या बाजूनं आले आणि दोन्ही पाय जमिनीवर घासत थांबले. खरंच ब्रेक लागत नव्हते. उतरून त्यांनी निळी सायकल स्वतः जिन्याखाली नेली, भिंतीला लावली. जागा पक्की झाली. बाबा खुर्चीत परत बसले आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. फार दमले होते मी. पण हे दमणं झोपून उठलं की जाणारं होतं.

मग काका ढिगाकडे आले. लाल सायकल एका चाकावर, पुढे वाकून पडली होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मला म्हणाले, “काय गं, ब्रेकचे रबर मिळतील का हिचे बाजारात?”

“कठीण आहे, काका.”

“मागचा टायर?”

“नाही मिळत.”

“चेन वगैरे?”

“सव्वीसचं आता कुणी काही ठेवतच नाही म्हणतात.”

“मग झालंच तर,” सावंत काका म्हणाले. खाली वाकून त्यांनी ती तीन पायांच्या जनावरासारखी लाल सायकल उचलली, खांद्याला लावली. “तुमच्या सायकलला उद्या काही लागलं तर आणायचं कुठून? ठेवावी लागणार ही. नाइलाज आहे.”

आणि नियमानं चालणारा तो माणूस तिला घेऊन जिन्याखाली गेला.